तृतीया एकवचन

पेन्सिलीनं लिहिलेली ती ओळ चौथ्या पानाच्या समासात होती, आणि अक्षर इतकं बारीक की पहिल्यांदा ती विजयमालेच्या नजरेतून निसटूनच गेली. सांगलीच्या हळदपेठेतून शाळेकडे निघालेली ती चालता चालताच पाकीट फोडून पानं उलटत होती. पुण्याच्या प्राध्यापकांनी आपला निबंध शेवटपर्यंत वाचला याचंच तिला इतकं अप्रूप वाटत होतं, की ते काय म्हणतात याच्याकडे तिचं अजून लक्षच गेलं नव्हतं. मग पाठीवर पोतं घेतलेल्या एका हमालानं वाट मागितली, ती एका दुकानाच्या पायरीवर चढली, आणि तिथं उभ्या उभ्या तिला ती ओळ दिसली. ‘अडाण्याच्या बोलण्यात विभक्ती होत्याच कुठे, म्हणून त्या गेल्या म्हणायच्या?’ त्यात राग नव्हता, टोमणासुद्धा नव्हता. दुसऱ्याच्या कुंपणावरून जाताना सहज हात लांबवून एखादं पान खुडावं, तशी ती लिहिलेली होती. विजयमालेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं मनातल्या मनात उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि चार शब्दांनंतर तिच्या ध्यानात आलं की उत्तर आपल्याजवळ नाही. दीड वर्षाचं काम, दोनशे चौदा वाक्यं, प्रत्येक वाक्यापुढं तारीख. आणि एवढ्या सगळ्यात हा एक साधा प्रश्न तिला स्वतःला कधी पडला नव्हता.

शाळेपर्यंतची पुढची वाट तिनं कशी काढली हे तिला नंतर आठवेना. डोळ्यांपुढं धुळा होता. जतकडचा धनगर, मराठा पलटणीतला शिपाई, उंच, हाडापेराचा, डाव्या कानाच्या वर जरा पुढं कवटीला खळगा पडलेला. इटलीतल्या एका नदीच्या काठी तोफगोळ्याचा तुकडा तिथं घुसला होता. मिरजेकडच्या रस्त्यावर तिच्या मामांचा, डॉक्टर लालासाहेबांचा, लहानसा दवाखाना होता. लढाईत ते लष्करी इस्पितळात होते, आणि आता परत आलेले जायबंदी शिपाई झटक्यांचं औषध न्यायला त्यांच्याकडे येत. धुळाला त्यांनी तासभर तपासलं होतं आणि मग भाचीला बोलावणं पाठवलं होतं. या माणसाचे हात-पाय मी बघतो, पण हा व्याकरण विसरलाय, ते माझं काम नव्हे, असं ते म्हणाले होते. तिला आधी ती थट्टाच वाटली. मग तिनं धुळाला विचारलं होतं, मेंढरांचं काय झालं? धुळानं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “लांडगा,” तो म्हणाला होता. मग थांबून, “कुत्रा.” मग आणखी थांबून, “धर.” कुणी कुणाला धरलं ते कळायला मार्ग नव्हता. शब्द सगळे खणखणीत होते, अर्थाचे होते. त्यांना एकमेकांशी बांधणारं जे काही असतं तेवढंच गळून पडलं होतं. विजयमालेला त्या क्षणी भीती वाटली होती आणि त्या भीतीच्या मागोमाग, लाज वाटावी असा आनंद. दहा वर्षं ती मुलींना विभक्तीचे तक्ते पाठ करायला लावत होती आणि ते तक्ते कागदावरचे आहेत असं समजत होती. ते माणसाच्या डोक्यात, कवटीच्या आत, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असतात, आणि गोळ्याचा तुकडा ते तेवढेच उचलून नेऊ शकतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं सुताराकडून लाकडाचा लांडगा, कुत्रा आणि मेंढी करून घेतली. धुळापुढं ती मांडून ती सांगे, लांडग्यानं कुत्र्याला धरलं, दाखव. तो दाखवी. मग सांगे, लांडग्याला कुत्र्यानं धरलं. धुळा पुन्हा लांडगाच कुत्र्यावर घाली. पहिलं नाव ज्याचं, करणारा तो. ‘नं’ आणि ‘ला’ त्याच्या कानावरून वाऱ्यासारखे निघून जात. पण पाला मेंढीनं खाल्ला म्हटलं की तो चुकत नसे, कारण पाला मेंढीला खात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फलटणचा आकाराम नावाचा दुसरा एक शिपाई होता, त्याला डोक्याच्या उजव्या बाजूला जखम होती, डावा पाय ओढत चाले, पण तो एकदाही चुकला नाही. मामांनी तिला इंग्रजी पुस्तकं वाचून अर्थ सांगितला होता. डाव्या बाजूला, पुढच्या भागात वाचेची जागा आहे हे फ्रान्समधल्या एका डॉक्टरानं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी दाखवलं होतं. पण प्रत्ययांवर चालणाऱ्या आपल्या भाषेचं तिथं नेमकं काय होतं, हे मामांच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. ते आपण लिहितो आहोत, या विचारानं सांगलीच्या भाड्याच्या खोलीत कंदिलाची काच पुसतानासुद्धा तिची मान ताठ होत असे. आणि आता ही ओळ.

त्या दिवशी दुसऱ्या तासाला विभक्तीच होत्या. मुली एका सुरात तक्ता म्हणत होत्या. प्रथमा, मी. द्वितीया, मला. तृतीया, मी, म्यां. एका मुलीनं हात वर करून विचारलं की हे ‘म्यां’ काय आहे, आणि विजयमालेनं दरवर्षीचं उत्तर दिलं, की ते जुनं रूप, पोथ्यांत सापडतं, परीक्षेत येत नाही. उत्तर देता देता तिला वाटलं की आपण खोटं बोललो. ते पोथीतलं नव्हतं. ते तिच्या तोंडातलं होतं. साताऱ्याच्या शाळेत बापाबरोबर ती पहिल्यांदा गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कृष्णाकाठच्या उसाच्या रानातून आलेली, तेल लावून चप्प बसवलेले केस, नवीन परकराला अजून दुकानाचा वास. पाटीवरचं गणित बरोबर आलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, हे कुणी सोडवलं? ती उठून म्हणाली, म्या सोडवलं. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, म्या नाही, मी. दहा वेळा म्हण. ती दहा वेळा म्हणाली. तिचे वडील, सुभेदार नाथाजी, दारात उभे होते, पहिल्या लढाईतल्या बिल्ल्याच्या खुणा कोटावर अजून दिसत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि वाटेत तिला काहीच म्हटलं नाही. फ्रान्समधल्या एका खेड्यात त्यांनी एक विशीतली पोरगी साठ मुलांना शिकवताना पाहिली होती, आणि तेव्हापासून आपल्या लेकीनं मास्तरीण व्हायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्याची जी काही किंमत असेल ती असेल. विजयमालेनं ती किंमत हौसेनं दिली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. सुटीत गावी गेल्यावर चुलत्या तिला बामणीण म्हणून चिडवू लागल्या तेव्हा ती मनातून सुखावली. जीभ अशी घोटून घोटून गुळगुळीत केली, की कॉलेजात तिचं गाव कुणाला ओळखू आलं नाही. आणि आज वर्गात खडू हातात घेऊन उभी असताना तिला उमगलं, की समासात पेन्सिलीनं जे लिहिलंय ते आपणही वीस वर्षं मानत आलो आहोत. आपण जे टाकलं ते काहीच नव्हतं, नुसती मळकट कापडं होती, असं.

संध्याकाळी मामांनी ती ओळ वाचली आणि ते भडकले. पुण्याला जाऊन त्या गृहस्थांच्या डोक्याची कोणती बाजू बिघडली आहे ते बघावं लागेल, असं काहीबाही ते बोलले. विजयमालेनं त्यांना बोलू दिलं. मग ती म्हणाली, “मामा, प्रश्न उर्मट आहे, पण खरा आहे. जखमेच्या आधी धुळा कसा बोलत होता हे मी ऐकलंय कुठं?” तिनं पुढं सांगितलं, की धुळा जात्यावरच्या बाईसारखा तल्लीन होऊन धनगरी ओव्या म्हणतो तेव्हा त्यातले सगळे प्रत्यय जागच्या जागी असतात, पण तो पुरावा धरता येत नाही. पाठ असलेलं वेगळं आणि नव्यानं जुळवलेलं वेगळं. धुळाच्या घरची माणसं, त्याच गावची, त्याच्यासारखीच शाळेची पायरी न चढलेली, ती माणसं लांडग्यानं कुत्र्याला आणि लांडग्याला कुत्र्यानं यातला फरक ओळखतात का, हे बघायला हवं. त्यांनाही जमलं नाही तर प्राध्यापक बरोबर आणि आपला निबंध चुलीत. असं होऊ शकतं अशी बारीकशी धास्ती तिला खरोखरच होती. आणि ती धास्ती म्हणजे स्वतःच्या आईवर, चुलत्यांवर, साऱ्या गणगोतावरचा अविश्वास होता हे कळून ती आणखी खजील झाली.

नाताळच्या सुटीत ती आणि मामा जतला गेले. पुढं बैलगाडी. दोन्हीकडं हुरड्याला आलेला विरळ शाळू, तांबडा मुरूम, आणि दूरवर मेंढरांचा पांढुरका डाग हलताना दिसे. धुळाच्या घरी त्याची म्हातारी आई दगडाबाई होती, बायको हरणाबाई होती, धाकटा भाऊ गुंडा होता. धुळा स्वतः मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या भिंतीशी बसलेला होता, आणि त्याच्या बसण्यात सांगलीच्या दवाखान्यात कधी न दिसलेलं काहीतरी होतं. घरच्या माणसांत पाहुण्यासारखं बसणं. हरणाबाईनं पाणी देता देता सगळं सांगितलं. पलटणीच्या कागदावर डोकं फिरलेला असं लिहून आलं होतं, आणि गावानं ते खरं धरलं. कळपाची काठी आता गुंडाच्या हातात होती. कुठल्या रानात बसवायची मेंढरं, कुठली राखायची, कुठली इकायची, यातलं धुळाला कुणी काही विचारत नव्हतं. येड्याच्या हातात कळप कसा द्यायचा, असं जातीतले थोरले आप्पासो म्हणाले होते, आणि त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. हरणाबाई बत्तीसएक वर्षांची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. “त्येस्नी समदं कळतंय,” ती म्हणाली. “मी दोन वर्सं हेच सांगतीया. पर माझं कोन ऐकतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घोंगडं अंथरून विजयमालेनं लाकडी जनावरं मांडली. गाव गोळा झालं. आप्पासो खांबाला टेकून बसले. पहिली दगडाबाईच पुढं सरकली. लांडग्याला कुत्र्यानं धरलं, असं विजयमाला म्हणाली, आणि म्हातारीनं तिच्याकडं जरा संशयानं बघत कुत्रा उचलून लांडग्याच्या नरडीला लावला. मग उलटं सांगितलं, तेही तिनं बरोबर केलं. दहाव्या वाक्याला म्हातारी वैतागली आणि म्हणाली की हे काय लेकराला इचारावं तसं इचारतीस, कुनी धरलं आन् कुनाला धरलं ह्ये बी कळंना व्हय मला. विजयमालेला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. एकामागून एक माणसं बसत गेली. सतरा माणसं, चाळीस चाळीस वाक्यं. चूक जवळपास नाहीच. झाली ती एका माणसाची, आणि ती तंबाखू मळण्याच्या नादात. मग धुळाला बसवलं. तो निम्म्या वाक्यांना चुकला, अगदी सांगलीत चुकत होता तसाच, आणि पाला-मेंढीच्या वाक्यांना एकदाही चुकला नाही. आप्पासोंनी खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. ते पुढं आले, त्यांनी विजयमालेला पुन्हा तीच वाक्यं विचारायला लावली आणि धुळाचे हात बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच धुळाला विचारलं, की काल जिचं पिल्लू मेलं ती मेंढी कुठली. धुळा उठला, वाडग्यात गेला आणि साठ-सत्तर मेंढरांतून तिला मानेला धरून घेऊन आला. आप्पासोंनी मिशीवरून हात फिरवला. “मंजी ह्येला कळतंय समदं,” ते म्हणाले. “निस्ती सांधनी गेलीया.” आणि गुंडाकडं वळून, “काठी दे त्येची त्येला. आन् हितनं पुढं इचारताना असं इचार की त्येला मुंडी हालवून सांगता येईल.” गुंडानं काठी दिली. त्यालाही हायसं वाटल्यासारखं दिसलं. धुळानं काठी उजव्या हातात घेतली, तो हात जड होता म्हणून डाव्यात घेतली, आणि तो मेंढरांकडं निघून गेला.

विजयमाला मात्र अजून घोंगड्यावरच होती. आपलं काम झालं असं तिला वाटत होतं, आणि त्याच समाधानात, हरणाबाईच्या जवळ जायची इच्छा होऊन, ती आपली जुनी बोली बोलायला गेली. म्या आता जाती, ती म्हणाली. हरणाबाई आधी पदराआड हसली आणि मग मोठ्यानं हसली. विजयमालेला कळेना काय झालं. “म्या जाती न्हवं, बाई,” हरणाबाई म्हणाली. “मी जाती.” विजयमालेनं विचारलं की मग म्या कधी म्हणायचं. हरणाबाई जरा विचारात पडली. श्वास कसा घेतेस असं कुणी विचारावं तसा तो प्रश्न होता. तिनं तोंडातल्या तोंडात काही वाक्यं पुटपुटून पाहिली. मग बोटांवर मोजत म्हणाली, “गेली, आली, निजली, तवा मी. खाल्लं, केलं, मारलं, तवा म्या. आन् खाती, करती म्हनताना फिरून मी.” विजयमालेनं तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं. सकर्मक क्रियापद, भूतकाळ, तृतीया कर्ता. तक्त्यातला तो नियम एक निरक्षर बाई शेणानं सारवलेल्या अंगणात बसून बोटांवर मोजून सांगत होती. आणि तो नियम शाळेच्या मराठीत ‘मी’ला उरलेलाच नव्हता. तिथं गेलीलाही मी आणि खाल्लंलाही मीच. ज्या बोलीत विभक्ती होत्याच कुठे असं विचारलं होतं, त्या बोलीत प्राध्यापकांच्या जिभेवरून केव्हाच पुसून गेलेली एक विभक्ती धडधाकट जिवंत होती. विजयमालेला एकदम काहीतरी आठवून चुटपुट लागली, आणि तिनं हरणाबाईला विचारलं, की धुळा आता काय म्हणतो. हरणाबाईचं हसू मावळलं. आधी म्या भाकर खाल्ली म्हनायचे, ती म्हणाली. आता मी भाकर खा. म्या गेलं ते गेलंच. विजयमालेनं ते टिपून घेतलं. धुळाची विभक्ती इटलीत गेली होती. आपली साताऱ्यात, दहा वेळा म्हणताना. फरक एवढाच, की आपल्याला ती परत घेता येईल. आजच्यासारखी चुकीच्या जागी ठेवत, हसू करून घेत, पण येईल. त्या विचारानं तिला दुःख व्हायला हवं होतं. उलट छातीत काहीतरी रुंद होत गेलं. ही माझी माणसं, तिला वाटलं. हे मी ज्यांच्यातून आले ते, आणि हे असे भरलेले आहेत.

निबंध तिनं जानेवारीत पुन्हा लिहिला. सतरा माणसांची वाक्यं त्यात घातली, हरणाबाईचा नियम घातला, तो कुणी सांगितला ते नावानिशी घातलं, आणि निबंध पुन्हा पुण्याला पाठवला. फेब्रुवारीत साताऱ्याला शिक्षकांची आणि डॉक्टरांची एक बैठक होती, तिथं तिनं तो वाचावा असं प्राध्यापकांनीच कळवलं. पत्रात बाकी काही नव्हतं. हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत प्राध्यापक होते, सडपातळ, पांढऱ्या मिशा, मांडीवर वही. मामांनी धुळाला आणि हरणाबाईला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. हरणाबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती, धुळा मात्र पलटणीतल्यासारखा ताठ. वाचायला सुरुवात करताना विजयमालेचा आवाज कापला. मग लांडग्याचं वाक्य आलं आणि आवाज स्थिरावला, कारण आता ती स्वतःबद्दल बोलत नव्हती. बाहेर अजिंक्यताऱ्यावरून ऊन उतरत होतं. तिनं शेवटचं पान ठेवलं. मग प्राध्यापक उठले. ते तिच्याशी बोलले नाहीत. ते हरणाबाईपुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की तुमच्या यजमानांनी लढाईच्या आधी बोललेलं एखादं वाक्य, अगदी त्यांच्या शब्दांत, तुम्हाला आठवतं का. हरणाबाईनं एकदा धुळाकडं पाहिलं. धुळानं होकाराची मान हलवली. मग ती उभी राहिली.

“पलटनीत जायाच्या आदल्या सांजंला मला म्हनले,” ती म्हणाली, “ज्या मेंढीला म्या काल पाला घातला न्हाई, तिला आज तू घाल, आन् गुंडानं इचारलं तर त्येला सांग की दादानंच सांगितलं हुतं, न्हाईतर त्यो म्हनंल की वैनीनं आपल्याच मनानं केलं.”

विजयमालेनं ते वाक्य आधी ऐकलेलं नव्हतं. ती जागच्या जागी ते उलगडत गेली. जी-ती जोडणारं उपवाक्य, त्यात तृतीयेचा कर्ता, मग आज्ञा, तिथं बरोबर ‘तू’, ‘त्वा’ नाही, अट, अटीच्या पोटात निरोप, आणि शेवटी कुणी तिसराच काय म्हणेल त्याचं भाकीत. एका दमात सात प्रत्यय आणि एकही जागा चुकलेली नाही. निघायच्या घाईतल्या नवऱ्यानं बायकोला एका मेंढीविषयी सांगितलेलं ते वाक्य, आणि त्यात तिच्यावर बोल येऊ नये ही काळजीसुद्धा प्रत्ययांत नीट बसवलेली. खुर्चीत धुळा ऐकत होता. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही, पण वाक्य त्याला आठवत होतं हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर ते बोट ठेवून वाचत राहिले; त्यांनी हरणाबाईला ते पुन्हा म्हणायला सांगितलं, आणि तिनं ते पुन्हा म्हटलं तेव्हा शब्द पुढं-मागं झाले होते, प्रत्यय सगळे जिथल्या तिथं होते. “यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. मग सभेकडं वळून त्यांनी सांगितलं, की या निबंधावर पहिला आक्षेप आपण घेतला होता आणि तो आपण परत घेतो. निबंध छापला जाईल असं आपण बघू. हे बोलताना त्यांना सोपं जात नव्हतं. विजयमालेला त्यांच्याबद्दल त्या क्षणी आदर वाटला, आणि तिनं त्यांना नमस्कार केला. मामा रुमालात नाक शिंकरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार-स्टँडवर सांगलीची सर्व्हिस मोटार सुटायला अवकाश होता. मामा ड्रायव्हरशी बोलायला गेले. बाकावर विजयमाला, हरणाबाई, धुळा, आणि धुळाच्या पलीकडं कोरेगावकडचा एक म्हातारा, पायांत गुळाची ढेप घेऊन बसलेला. म्हाताऱ्यानं सहज धुळाला गाव विचारलं. धुळा म्हणाला, जत. मग म्हणाला, मेंढरं. मग बराच वेळ थांबून म्हणाला, मी. म्हाताऱ्यानं त्याच्या कवटीवरचा खळगा पाहिला आणि नजर त्याच्यावरून काढून हरणाबाईकडं वळवली, लोक नेहमी वळवतात तशी. ह्येस्नी काय झालंय म्हणून त्यानं विचारलं. विजयमालेचं तोंड सवयीनं उघडलं होतं, पण त्याआधीच हरणाबाईनं पदर सारखा केला.

“त्येंची विभक्ती गेलीया,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं समजल्यासारखी मान डोलवली. विभक्त झालं व्हय, तो म्हणाला. भावाभावात चालायचंच, जमीन नीट वाटली म्हंजे झालं.

“घरातली न्हवं, बाबा,” हरणाबाई म्हणाली. “जिभंवरली. लढाईत गेली. पर त्येस्नी समदं कळतंय. मला इचारू नगासा, त्येस्नीच इचारा.”

म्हातारा जरा गोंधळला. मग तो बाकावर वळून बसला, गुडघे धुळाकडं करून, आणि त्यानं सावकाश विचारलं, की तुमच्याकडं औंदा इहिरींस्नी पानी हाय का. धुळानं वर पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, हात मांडीवरून थोडा उचलला गेला. “इहीर,” तो म्हणाला. स्टँडवर कुणाची तरी गाडी पुकारली जात होती, हमाल टपावर बोचकी फेकत होते. विजयमालेनं पिशवीतली वही अर्धी बाहेर काढली होती. तिनं ती परत आत सारली. म्हातारा थांबला होता. तो शब्द सुचवत नव्हता, घाई करत नव्हता, आपल्या वयाच्या कुणा बागायतदारापुढं बसावं तसा उत्तराची वाट बघत बसला होता. आणि हरणाबाई, नवऱ्याकडं एकदाही न वळता, समोरच्या रस्त्याकडं बघत ऐटीत बसली होती.